कोर्टाची पायरी, साता समुद्रांपलीकडची

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्या घरांतून इतक्या पिढ्या ऐकली जात आहे की, तिच्यातील 'पायरी' या शब्दाकडे आपले लक्षच जात नाही. एक पायरी आली की तिच्यावरची दुसरीही आलीच. इंदूरच्या आमच्या पिढीला जिल्हा न्यायालय, त्यावर उच्च न्यायालयाचे इंदूर खंडपीठ आणि त्यावर दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय हा क्रम तोंडपाठ आहे. वाटणीचा दावा आजोबांनी खालच्या पायरीवर मांडावा आणि त्याचा निकाल नातवाने वरच्या पायरीवर ऐकावा, असे प्रकार डोळ्यांनी पाहिलेली मंडळी आमच्या आळीत अजून आहेत. परंतु आता आपल्या घरांतील मुले ज्या देशी जाऊन राहिली आहेत, तेथील पायऱ्यांची आपणांस काहीच माहिती नसते.

२०२५च्या पावसाळ्यातील गोष्ट. शेजारच्या माई एके दिवशी सकाळीच वर्तमानपत्र हातात घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांचा धाकटा मुलगा नोकरीच्या परवान्यावर कॅलिफोर्नियात असतो. सुनेला दिवस गेलेले. त्या वर्षी २० जानेवारीस अमेरिकेच्या अध्यक्षांनी एक हुकूम काढला होता. आई तेथे केवळ तात्पुरत्या परवान्यावर राहत असेल आणि वडील नागरिक किंवा कायमचे रहिवासी नसतील, तर त्या भूमीवर जन्मलेल्या मुलासही जन्माने नागरिकत्व मिळू नये, असा त्या हुकुमाचा एक भाग होता. माई म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही शिकलेले. एका न्यायाधीशानं हुकूम अडवला म्हणून छापून आलं. मग वरच्या कोर्टानं त्यालाच आवरलं म्हणून आलं. आज वाचते तर तिसऱ्याच कुठल्या कोर्टानं पुन्हा अडवलाय. त्या देशात कोर्टं तरी आहेत किती? आणि माझ्या नातवाचं ठरवणार कोण?"

आम्ही मराठीचे विद्यार्थी, कायद्याचे नव्हे. त्या दिवशी चहावर वेळ निभावून नेली. पण प्रश्न मनातून जाईना. मग ग्रंथालयात बसून आणि जाणकार वकील मित्रांस विचारून जे समजले, ते माईंना सांगितले. तेच या महिन्यात वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण माईंसारखी घरे आपल्या समाजात आता पुष्कळ आहेत.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही की, अमेरिकेत न्यायालयांचा जिना एक नाही, दोन आहेत. आपल्याकडे कायदा संसदेचा असो की राज्याच्या विधानसभेचा, तो लावून पाहणारे जिल्हा न्यायालय बहुधा एकच असते. तेथे तसे नाही. पन्नास राज्यांपैकी प्रत्येकाची स्वतःची घटना आहे आणि स्वतःच्या न्यायालयांची उतरंड आहे. त्यांच्या शेजारी संघराज्याची, म्हणजे फेडरल न्यायालये, निराळी उभी आहेत. एकाच शहरात, एकाच रस्त्यावर या दोन्ही प्रकारची न्यायालये असू शकतात आणि दोघांचे न्यायाधीश निराळे, नियम निराळे, नेमणुकीची रीतही निराळी.

राज्याचा जिना आधी पाहू. सामान्य माणसाचे बहुतेक व्यवहार याच जिन्यावर उलगडतात. चोरी-मारामारी, घटस्फोट, मृत्युपत्र, घरभाडे, करारभंग, गाडीच्या वेगाचा दंड, हे सारे राज्याच्या न्यायालयात जाते. देशातील खटल्यांचा फार मोठा भाग येथेच सुरू होतो आणि येथेच संपतो. सर्वांत खाली लहानसहान दाव्यांची आणि रहदारीच्या दंडांची न्यायालये. त्यांच्यावर मोठे खटले चालविणारे न्यायालय. कॅलिफोर्नियात त्यास 'सुपीरियर कोर्ट' म्हणतात. त्यावर बहुतेक राज्यांत अपिलांचे मधले न्यायालय, आणि शिखरावर राज्याचे सर्वोच्च न्यायालय. नावांनी मात्र फसू नये. न्यूयॉर्क राज्यात ज्यास 'सुप्रीम कोर्ट' म्हणतात, ते प्रत्यक्षात खटला प्रथम चालविणारे न्यायालय आहे; तेथील सर्वांत वरच्या न्यायालयाचे नाव 'कोर्ट ऑफ अपील्स' असे आहे. टेक्सास आणि ओक्लाहोमा या राज्यांत तर फौजदारीचे शिखर वेगळे आणि दिवाणीचे वेगळे. आणखी एक नवल असे की, पुष्कळ राज्यांत न्यायाधीश मतदानाने निवडून येतात किंवा ठरावीक वर्षांनी त्यांना मतदारांचा कौल घ्यावा लागतो.

फेडरल जिन्याच्या पायऱ्या तीन. तळाशी ९४ जिल्हा न्यायालये. प्रत्येक राज्यात किमान एक, कॅलिफोर्नियासारख्या मोठ्या राज्यात चार. मध्ये अपिलांची १३ न्यायालये. त्यांतील अकरांना क्रमांक आहेत आणि प्रत्येकाकडे काही राज्यांचा मुलूख सोपविलेला आहे. बारावे राजधानी वॉशिंग्टनचे, आणि तेरावे पेटंटसारख्या ठरावीक विषयांचे. कॅलिफोर्निया 'नवव्या मंडळा'त येतो. या मधल्या न्यायालयांची उभारणी १८९१च्या कायद्याने झाली. माथ्यावर सर्वोच्च न्यायालय. त्यात १८६९पासून नऊ न्यायमूर्ती आहेत. या तिन्ही पायऱ्यांवरील न्यायाधीशांना अध्यक्ष नेमतात, सिनेट संमती देते आणि वर्तणूक चांगली असेतोवर ते तहहयात पदावर राहतात. त्यांना निवडणुकीची धास्ती नाही आणि निवृत्तीचे ठरलेले वयही नाही. या जिन्यावर येतात ते संघराज्याच्या कायद्याचे आणि घटनेचे प्रश्न, सरकारविरुद्धचे दावे, आणि दोन निराळ्या राज्यांतील रहिवाशांमधले मोठ्या रकमेचे तंटे.

हे दोन जिने एकमेकांस मिळतात ते अगदी वर. राज्याच्या कायद्याचा अर्थ काय, याविषयी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा शब्द अखेरचा असतो. वॉशिंग्टनच्या न्यायमूर्तींनाही तो बदलता येत नाही. परंतु त्या खटल्यात संघराज्याच्या घटनेचा किंवा कायद्याचा प्रश्न गुंतला असेल, तर तेवढ्यापुरती सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागता येते.

आता प्रत्येक पायरीचे काम. खालची पायरी घडले काय ते शोधते. साक्षीदार तेथे उभे राहतात, कागद तेथे दाखल होतात, आणि पुष्कळ खटल्यांत सामान्य नागरिकांची ज्यूरी तेथेच बसते. वरच्या पायऱ्यांवर साक्षीदार नाही, ज्यूरी नाही. अपिलाच्या न्यायालयात बहुधा तीन न्यायाधीश खालचे दप्तर वाचतात, वकिलांचे थोडा वेळ ऐकतात आणि एवढेच पाहतात की, कायदा बरोबर लावला गेला की नाही, माणसाला रीतसर सुनावणी मिळाली की नाही.

यातील शहाणपण आम्हांस एका चुकीने समजले. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत खिडकीची काच फुटली. वर्गशिक्षकांनी तेथल्या तेथे चार मुलांचे म्हणणे ऐकले आणि एकास शिक्षा केली. मुलाचे वडील आमच्याकडे आले. आम्ही न्यायनिष्ठेच्या उत्साहात तीन दिवसांनी तीच चार मुले पुन्हा बोलावून साक्षी घेतल्या. तोवर मुलांचे आपसांत बोलणे झाले होते. प्रत्येकाची हकिकत पालटली होती. खरे काय ते शेवटपर्यंत कळले नाही आणि वर्गशिक्षकांचा मान मात्र गेला. आम्ही विचारायला हवे होते एवढेच की, मुलाला आपली बाजू मांडू दिली होती का, आणि दिलेली शिक्षा नियमात बसते का. वरच्या खुर्चीवर बसलेल्याने खालच्याचे काम पुन्हा करू नये, हा धडा अमेरिकन न्यायव्यवस्थेने आपल्या रचनेतच घालून ठेवला आहे.

सर्वोच्च न्यायालयाची तर आणखी एक तऱ्हा. तेथे अपील करण्याचा हक्क बहुतेकांस नसतो. 'आमचे प्रकरण ऐकावे' अशी विनंती करता येते. दर वर्षी असे हजारो अर्ज येतात, आणि नऊपैकी किमान चार न्यायमूर्तींना ऐकावेसे वाटले तरच प्रकरण पुढे जाते. पूर्ण सुनावणी होऊन निकाल लागतो तो साठ-सत्तर प्रकरणांचा. आपले खटले कोणते हे ठरविण्याची ही मोकळीक मुख्यतः १९२५च्या कायद्याने त्या न्यायालयास मिळाली. अर्ज नाकारला याचा अर्थ 'खालचा निकाल बरोबर' असा होत नाही. 'आम्ही यात पडत नाही, खालचा निकाल आहे तसा राहील' एवढाच होतो.

या पायऱ्यांनी माणसाच्या आयुष्याचे काय होते, हे दाखविणारी एक जुनी हकिकत वाचकांस सांगावीशी वाटते. सखाराम गणेश पंडित हे नाव वाचताच आपल्या ओळखीच्या एखाद्या वाड्यावरची पाटी डोळ्यांपुढे यावी. विसाव्या शतकाच्या आरंभी हे गृहस्थ अमेरिकेत गेले आणि कॅलिफोर्नियात स्थायिक झाले. त्या काळी १७९०च्या कायद्याप्रमाणे परदेशी माणसास नागरिकत्व मिळे ते फक्त 'स्वतंत्र गोऱ्या व्यक्ती' असल्यास. १८७० साली त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. हिंदुस्थानातून गेलेला माणूस यांपैकी कोण, हे कायद्यात लिहिलेले नव्हते. म्हणून अर्ज ज्याच्यापुढे येई तो न्यायाधीश आपल्या समजुतीप्रमाणे निर्णय देई. राज्यांच्या न्यायालयांनाही तेव्हा नागरिकत्व देण्याचा अधिकार होता. १९१४ साली लॉस एंजेलिसच्या सुपीरियर कोर्टात, म्हणजे राज्याच्या जिन्यावर, पंडितांचा अर्ज आला. सरकारी पक्षाने वंशाचा आक्षेप घेतला. न्यायालयाने तो ऐकला, फेटाळला आणि पंडितांना नागरिकत्व दिले. सरकारने अपील केले नाही. पंडितांनी पुढे वकिलीची सनद मिळवली आणि एका अमेरिकन स्त्रीशी विवाह केला.

याच सुमारास भगतसिंग थिंड या अमृतसरकडच्या तरुणाचा खटला गाजू लागला. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. १९२० साली ओरेगॉनमधील फेडरल जिल्हा न्यायालयाने त्यांस नागरिकत्व दिले. सरकारने ते रद्द करण्यासाठी दावा लावला. प्रकरण नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयात गेले, आणि त्या न्यायालयाने स्वतः निकाल न देता दोन प्रश्न लिहून सर्वोच्च न्यायालयाकडे पाठविले. त्यांतला मुख्य प्रश्न हा की, अमृतसर येथे जन्मलेला उच्चवर्णीय हिंदू हा कायद्याच्या अर्थाने 'गोरी व्यक्ती' आहे काय? थिंड यांच्या बाजूने लढलेल्या वकिलांत आपले पंडितही होते. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी सर्व न्यायमूर्तींच्या वतीने उत्तर दिले : नाही. सामान्य माणूस ज्यास गोरा म्हणतो तोच गोरा, विद्वानांचे वंशशास्त्र काही म्हणो. गंमत अशी की, सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले, बाहेरून येऊन नागरिक झालेल्या घरातले.

या एका उत्तराने अनेकांची घरे हादरली. सरकारने हिंदी नागरिकांवर एकामागून एक दावे लावले. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई यांचे नागरिकत्व गेले. त्यांनी १९२८ साली आत्महत्या केली. दावा पंडितांवरही आला. सनद, घरदार, आणि त्या काळच्या कायद्यामुळे पत्नीचेही नागरिकत्व पणास लागले.

पंडितांच्या बाजूने जो मुद्दा मांडला गेला तो वाचकांनी नीट पाहावा. हिंदी माणूस गोरा की काळा, या वादात आता अर्थ नव्हता. सर्वोच्च न्यायालय बोलून चुकले होते. मुद्दा असा होता की, १९१४ साली सक्षम न्यायालयापुढे हाच प्रश्न निघाला, सरकार हजर होते, त्याचा आक्षेप ऐकला गेला, निकाल लागला आणि सरकारने अपील केले नाही. मग तोच प्रश्न त्याच दोन पक्षांत पुन्हा कसा उकरता येईल? कायद्याच्या परिभाषेत यास 'प्राङ्न्याय' म्हणतात. थिंड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवलेल्या दोन प्रश्नांत हा प्रश्न नव्हताच. आणि न्यायालय विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. लॉस एंजेलिसच्या फेडरल जिल्हा न्यायालयाने सरकारचा दावा फेटाळला. १९२६ साली नवव्या मंडळाने तो निकाल कायम केला. सरकारने सर्वोच्च न्यायालयाकडे विनंती केली. १९२७ साली ती नाकारली गेली, आणि पंडित नागरिक राहिले. एका राज्य न्यायालयाचा तेरा वर्षांपूर्वीचा कागद तिन्ही फेडरल पायऱ्या चढून टिकला.

कायदा एकच, मुलूख एकच आणि वरचे न्यायालयही एकच. तरी थिंड हरले आणि पंडित जिंकले. याचा आनंद मानावा की खेद? आम्हांस दोन्ही वाटते. झालेला निकाल पुन्हा उकरू नये हा नियम चांगला, म्हणून पंडित वाचले. पण पंडितांच्या विजयाने तो गोऱ्या कातडीचा नियम एका तसूभरही हलला नाही. तो अन्याय तसाच राहिला. तो हलविला संसदेने, तेथल्या भाषेत काँग्रेसने. १९३५ साली त्या युद्धातील सैनिकांसाठी खास कायदा झाला आणि थिंड अखेर नागरिक झाले. १९४६च्या कायद्याने हिंदी लोकांना नागरिकत्वाचे दार उघडले. मात्र नव्याने येणाऱ्यांसाठी वर्षाला शंभरच जागा ठेवल्या. वंशाची अट सर्वस्वी गेली ती १९५२ साली. न्यायालय कायद्याचा अर्थ सांगते. कायदाच वाकडा असेल तर तो सरळ करण्याचे काम लोकांनी निवडून दिलेल्यांचे, हे या हकिकतीतून आम्ही शिकलो.

आता माईंच्या वर्तमानपत्राकडे येऊ. तो हुकूम निघताच निरनिराळ्या ठिकाणच्या जिल्हा न्यायाधीशांनी तो साऱ्या देशापुरता थांबविला. २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले की, खालच्या न्यायाधीशाने आपल्यापुढे आलेल्या पक्षकारांना पुरेल एवढाच मनाई हुकूम द्यावा. सर्वसाधारणपणे साऱ्या देशाला बांधू नये. हुकूम घटनेला धरून आहे की नाही, याचे उत्तर त्या दिवशी दिलेच नाही. मात्र एकाच स्थितीतील अनेकांच्या वतीने एकत्र दावा करण्याची वाट मोकळी होती. त्या वाटेने जुलैमध्ये न्यू हॅम्पशायरच्या जिल्हा न्यायालयाने अशा सर्व मुलांपुरता हुकूम पुन्हा थांबविला. माईंना जो गोंधळ वाटला तो असा होता. कोणी कोणास आवरले, तर कोणत्या पायरीने किती दूरवर बोलावे हे ठरविण्यापुरते. मूळ प्रश्न निराळाच राहिला.

येथे आपल्या मुलांसाठी एक सावधगिरीची गोष्ट सांगून ठेवतो. तेथे ज्यास 'इमिग्रेशन कोर्ट' म्हणतात, ते या दोन्ही जिन्यांवर नाही. ते सरकारच्या न्याय खात्याखाली चालते. तेथील न्यायाधीश तहहयात नसतात. त्याच्या निकालावर त्याच खात्यातील मंडळाकडे अपील आणि त्यानंतर फेडरल अपील न्यायालयाकडे जाण्याची वाट, असा क्रम आहे. शिवाय प्रत्येक टप्प्यास मुदत असते आणि ती चुकली तर पुढची पायरी बंद होते. म्हणून परदेशी असलेल्या मुलांना एवढे अवश्य लिहावे की, कोणत्याही न्यायालयाचा कागद आला तर तो कोणत्या जिन्यावरचा, कोणत्या पायरीवरचा आणि उत्तर देण्याची तारीख कोणती, हे जाणत्या वकिलाकडून त्याच दिवशी समजून घ्यावे. आणि जुना निकाल, जुना दाखला कधी टाकून देऊ नये. पंडितांना १९१४च्या कागदानेच तारले.

हे सारे आम्ही माईंना एका संध्याकाळी सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "म्हणजे मास्तर, माझ्या नातवाचं ठरवणारा एक कोणी नाहीच." आम्ही म्हणालो, "नाही खरा. पण एकाच्या लहरीवर काही राहू नये, म्हणूनच इतक्या पायऱ्या बांधल्या असाव्यात." यावर त्यांचे समाधान झाले की नाही, ते आम्हांस सांगता येत नाही. माजघरातील दिवा लावायची वेळ झाली होती, त्या उठल्या.

त्या वर्षी कार्तिकात माईंना नातू झाला. बारशाच्या दिवशी फोन पाळण्याजवळ धरून त्यांनी इंदुरातून नाव सांगितले. पेढे घेऊन आमच्याकडे आल्या तेव्हा हसून म्हणाल्या, "सुनेला सांगितलंय, जन्माचा दाखला नीट जपून ठेव." आमच्या व्याख्यानातले एवढे तरी कामी आले. असो.